गुडघ्याचे ऑपरेशन आणि त्यानंतरचे नऊ महिने
कबड्डीत चढाईपटू पाय रोवून एकाएकी वळतो, गुडघ्यात काहीतरी कट्‌कन तुटल्यासारखे होते आणि काही तासांत गुडघा टम्म फुगतो. आपल्याकडे हे बऱ्याचदा ‘मुरगळला’ म्हणून सोडून दिले जाते आणि सूज उतरली की खेळाडू पुन्हा मैदानात दिसतो. पण दुखणे थांबले म्हणजे एसीएल हा गुडघ्यातला अस्थिबंध (लिगामेंट) जुळला असे नाही. तो फाटलेला असताना वळणावळणाचा खेळ सुरू ठेवला, तर गुडघा निसटत राहतो आणि आतली गादी फाटण्याची भीती वाढते.

याच्या उलट दुसरा समज असा, की लिगामेंट फाटले की लगेच ऑपरेशन आणि ऑपरेशन झाले की खेळाडू बरा. स्वीडनमधल्या एका अभ्यासात एसीएल फाटलेल्या १२१ तरुण रुग्णांपैकी काहींचे ऑपरेशन लवकर केले, तर इतरांना आधी व्यायामोपचार देऊन गरज पडली तरच ऑपरेशन करायचे ठरवले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक नव्हता. पाच वर्षांनंतरही दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागले नव्हते. यावर आक्षेप घेता येतो, आणि तो रास्त आहे: त्या अभ्यासात व्यावसायिक खेळाडू नव्हते. कबड्डी किंवा फुटबॉल पुन्हा खेळायचा असेल, गुडघा निसटत असेल किंवा गादीही फाटली असेल, तर ऑपरेशनचा सल्ला बहुधा योग्यच असतो. मात्र ऑपरेशनने उपचार संपत नाही. मांडीच्या किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधाचा तुकडा एसीएलच्या जागी बसवतात. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरून तो रुजेपर्यंत, पहिल्या काही महिन्यांत, तो बसवला त्या दिवसापेक्षाही कमकुवत असतो. नेमके तेव्हाच दुखणे गेलेले असते आणि खेळाडूला आपण ठणठणीत झालो असे वाटते. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन जितके लांबवले, तितकी दर महिन्यामागे पुन्हा इजा होण्याची शक्यता सुमारे निम्म्याने घटली. ‘मोठे खेळाडू तर सहा महिन्यांत परततात’ हे उदाहरण गावच्या संघातल्या मुलाला देणे मला धोक्याचे वाटते. त्या खेळाडूंच्या दिमतीला रोज फिजिओथेरपिस्ट असतो, तरी त्यांच्याही शरीरात तो तुकडा रुजायला तेवढाच काळ लागतो. शिवाय नऊ महिने उलटले एवढ्यावरही भागत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के झाली का, हे मोजून पाहावे लागते. ताकद मोजायचे यंत्र तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही. पण फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यावर एका पायावर मारलेली लंगडी उडी प्रशिक्षकाला साध्या टेपने मोजता येते. ती यंत्राची जागा घेत नाही, पण दोन पायांत मोठी तफावत दिसली, तर त्या मुलाला अजून थांबवण्याइतके कारण नक्की हाती येते.