उफणणी ते व्हेंटिलेटर

केज तालुक्यात रब्बीची ज्वारी निघाली की पूर्वी खळ्यावर वाऱ्याची वाट पाहिली जायची. तिवड्याभोवती बैल फिरवून मळणी झालेली असे, पण दाणे आणि भूस एकत्रच. मग एक जण वावडीवर उभा राही, पाटी डोक्याच्या वर धरी आणि वारे सुटले की हळूहळू ओती. दाणे सरळ खाली, भूस उडून बाजूला. वारे पडले की काम बंद. या कामाला आपण उफणणे म्हणतो. लॅटिनमध्ये त्यालाच एक क्रियापद होते, ‘व्हेंटिलारे’. त्याचा अर्थ वाऱ्यावर धरणे, हलवणे, पंख्याने वारा घालणे आणि धान्य उफणणेही. इंग्रजीतले ‘व्हेंटिलेट’ आले ते तिथूनच.

मुळाशी आहे ‘व्हेंटुस’, म्हणजे वारा. संस्कृतातला ‘वात’ आणि इंग्रजीतला ‘विंड’ हे त्याचेच भाऊबंद. खिडकीला इंग्रजीत ‘विंडो’ म्हणतात, तो शब्द जुन्या नॉर्स भाषेतला. अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. संस्कृतात खिडकीला वातायन म्हणजे वाऱ्याची वाट म्हणतात आणि गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळाही म्हणतात. इतक्या दूरच्या माणसांना भिंतीतल्या भोकाकडे पाहून डोळा आणि वाराच आठवावा, याची गंमत वाटते.

इंग्रजीत हे क्रियापद आले तेव्हा त्याचा घराशी फारसा संबंध नव्हता. सोळाव्या शतकात एखादा प्रश्न ‘व्हेंटिलेट’ करणे म्हणजे तो चारचौघांत मांडून त्यातले दाणे आणि भूस वेगळे करणे. आजही सरकारी इंग्रजीत तक्रारी ‘व्हेंटिलेट’ होतात. मराठीत आपण त्यांना वाचा फोडतो. खोलीत ताजी हवा खेळवणे हा अर्थ नंतरचा. त्याला यंत्राचे रूप दिले ते स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने. 1743 मध्ये त्याने ‘व्हेंटिलेटर’वर पुस्तकच लिहिले. त्याचे व्हेंटिलेटर म्हणजे मोठाले भाते. जहाजांच्या तळघरातली आणि लंडनच्या न्यूगेट तुरुंगातली कोंदट हवा त्यांनी बाहेर ढकलली जाई.

दवाखान्यातला व्हेंटिलेटर त्या मानाने अलीकडचा. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हवा देण्याची पद्धत ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुरू केली. पिशव्या दाबायला सुमारे 1500 विद्यार्थी पाळीपाळीने बसले. पुढे हातांची जागा यंत्राने घेतली. मराठीत हा शब्द तिहेरी नांदतो: न्हाणीघराच्या वरची जाळी, अतिदक्षता विभागातले यंत्र आणि ‘कारखाना व्हेंटिलेटरवर’ या मथळ्यातला.

आपला शासकीय शब्द वायुवीजन. तो ऐकला की फायलींचा वास येतो, पण त्याचे कूळ चांगले आहे. वीजन म्हणजे वारा घालणे. जुन्या मराठीतला विंझणा, म्हणजे पंखा, त्याच घरातला. लॅटिन क्रियापदातला पंखा मराठी शब्दातही फिरतोच आहे. तरी ‘हवा येऊ द्या’ याची सर कशालाच नाही.

या क्रियापदाला जितकी प्रतिष्ठा मिळाली त्यातली बरीचशी एका चुकीच्या समजुतीमुळे. एकोणिसाव्या शतकात बहुतेक रोगांचे खापर दूषित हवेवर फुटे. मलेरिया या शब्दाचा इटालियन अर्थच ‘वाईट हवा’. केज तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्याच राज्यातल्या सिकंदराबादेत 1897 च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. त्याआधीच्या वर्षी मुंबईत प्लेग आला होता. हवा-उजेड आत यावा म्हणून अधिकाऱ्यांनी घरांची कौले उतरवली. प्लेग मात्र पसरत होता उंदरांवरच्या पिसवांमुळे.

क्षयरोगाच्या बाबतीत जुने लोक बरोबर होते. क्षयाचे जंतू खोकल्यातून सूक्ष्म कणांवर बसून हवेत जातात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगतात. तिथे हवा बदलणे हाच प्रतिबंधाचा मोठा भाग ठरतो. पेरूची राजधानी लिमा इथल्या 8 रुग्णालयांतल्या खोल्या संशोधकांनी मोजल्या. 2007 मध्ये निष्कर्ष आले. दारे-खिडक्या उघडल्या की हवा तासाला साधारण 28 वेळा बदलत होती, यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत 12 वेळा. सर्वांत सरस ठरल्या 1950 पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारती. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये सर्वसाधारण वॉर्डासाठी दर रुग्णामागे सेकंदाला 60 लिटर ताज्या हवेचे प्रमाण सांगितले.

इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. खोलीभर हवा एकदा आत आली म्हणून जुनी सगळी गेली असे होत नाही. नवी-जुनी मिसळते आणि 37 टक्के जुनी उरते. तासाला 6 वेळा हवा बदलणाऱ्या खोलीतले 99 टक्के कण जायला पाऊण तास लागतो. आणि बंद खोलीतला छताचा पंखा घाम वाळवतो, हवा बदलत नाही. तीच हवा गोल फिरते. मराठीत वारा वेगळा आणि हवा वेगळी, ते इथे कामी येते.

मराठवाड्यातल्या माळवदाच्या जुन्या घरांना बाहेरच्या भिंतीत खिडक्या कमीच. चोरांची भीती, उन्हाचा कडाका. त्याची भरपाई छतातले साणे करी. चुलीचा धूर आणि गरम हवा हलकी होऊन वर जाई, तिच्या जागी दारातून थंड हवा येई. स्लॅब पडला आणि साणे गेले. खिडक्या आल्या, पण त्या पुष्कळदा एकाच भिंतीत, आणि त्यांच्यापुढे सोयाबीनची पोती. हिवाळ्यात त्याच खोलीत खोकणारे आजोबा आणि शाळकरी नातवंडे रात्रभर झोपतात.

हवा खेळते का हे कळायला यंत्र लागत नाही. पंखा बंद करून खोलीच्या मध्यभागी उदबत्ती धरावी. धूर एका बाजूला ओढला गेला तर वाट आहे. तो सरळ वर जाऊन छताखाली साचला तर समोरासमोरचे दार-खिडकी उघडून पुन्हा पाहावे; पोती हलवावी लागली तर हलवावी. समोर भिंतच असेल तर दाराच्या वर, छताच्या जवळ एक झरोका पाडता येतो. गवंडी त्याला व्हेंटिलेटरच म्हणेल.