युरेकाचा पीटर लॉलर

बंडखोर माणूस कायदेमंडळात जाऊन बसला की त्याचे काय होते, हा प्रश्न कोणत्याही देशातील जनतेला पडतोच. ऑस्ट्रेलियातील पीटर लॉलर हे त्याचे मोठे बोलके उदाहरण होय.

लॉलरचा जन्म १८२७ चा, आयर्लंडमधला. वडील मोठी शेती करणारे आणि ब्रिटिश पार्लमेंटचे माजी सभासद. थोरला भाऊ जेम्स फिंटन तर ‘भूमी जनतेची’ असे ठासून सांगणारा जहाल लेखक. दुष्काळाने होरपळलेला मुलूख सोडून पीटर १८५२ साली व्हिक्टोरिया वसाहतीत आला व पुढे बॅलरटच्या सोन्याच्या खाणींवर राबू लागला. तेथे सोने सापडो वा न सापडो, परवान्याची फी भरावीच लागे. मताचा अधिकार मात्र नव्हता. १८५४ च्या अखेरीस खाणकऱ्यांनी लॉलरला पुढारी केले. ३ डिसेंबरच्या पहाटे युरेका येथील त्यांच्या लाकडी कोटावर सैन्याने हल्ला केला. वीसहून अधिक खाणकरी मेले. लॉलरचा डावा हात कापावा लागला, आणि सरकारने त्याच्यावर दोनशे पौंडांचे बक्षीस लावले.

परंतु पकडलेल्या तेरा जणांना ज्यूरीने निर्दोष सोडले, आणि १८५५ मध्ये हाच लॉलर बॅलरटचा प्रतिनिधी म्हणून कायदेमंडळात गेला! एव्हाना तो १६० एकरांचा धनीही झाला होता. पुढच्याच वर्षी त्याने मताधिकार मालमत्तेशी जोडणाऱ्या तरतुदींना पाठिंबा दिला, तेव्हा खाणकरी खवळले. जुलमी सरकारप्रमाणेच जुलमी जमावालाही विरोध करणे हीच आपली लोकशाही, असा त्याचा जबाब होता.

त्याने पक्ष बदलला असे मला वाटत नाही. जमिनीवर पाय रोवलेला स्वतंत्र माणूस, हेच त्या आयरिश शेतकरीपुत्राचे पहिल्यापासूनचे स्वप्न असावे. मात्र १८७३ च्या क्लून्सच्या संपाला हे स्पष्टीकरण पुरत नाही. तो ज्या खाण कंपनीचा संचालक होता, तिने संपकऱ्यांच्या जागी पोलीस पहाऱ्यात चिनी मजूर आणण्याचा घाट घातला. गावकऱ्यांनी दगडफेक करून त्यांना परतवले.

१८८० ते १८८७ लॉलर विधानसभेचा अध्यक्ष होता. १८८९ मध्ये वारला. बॅलरटच्या हमरस्त्यावर १८९३ साली त्याचा पुतळा उभारला गेला. त्याच्या अंगावर खाणकऱ्याचा सदरा नाही, अध्यक्षाचा झगा आहे.