‘सिल्क’ म्हणजे नेमके काय? ऑनलाइन विक्रीतील वर्णनाची जबाबदारी

चतुर्थी जवळ आली की गोव्यात साड्यांच्या खरेदीला वेग येतो. ही खरेदी आता केवळ म्हापसा किंवा मडगावच्या बाजारापुरती राहिलेली नाही. व्हॉट्सॲपवरील गटांतून घरबसल्या साड्या विकणाऱ्या महिला गावोगावी आढळतात आणि त्यांच्याकडील बराचसा माल सुरतेहून येतो. घाऊक व्यापाऱ्याने छायाचित्रासोबत पाठवलेला मजकूर जसाच्या तसा पुढे ग्राहकाला पाठवला जातो. ‘प्युअर सॉफ्ट सिल्क, रिच पल्लू, प्रीमियम क्वालिटी’ अशा या मजकुरात विशेषणे पुष्कळ असतात. माहिती मात्र क्वचितच असते.

सुरत हे कृत्रिम धाग्याच्या कापडाचे देशातील प्रमुख केंद्र आहे. तेथील बाजारात ‘लीची सिल्क’, ‘विचित्रा सिल्क’, ‘आर्ट सिल्क’ अशी नावे रूढ आहेत. घाऊक व्यापाऱ्यांना ही नावे कापडाच्या पोताची आणि झळाळीची खूण म्हणून परिचित असतात. त्यातील माल बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो, हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. त्यामुळे तेथे कोणाची फसवणूक होत नाही. ‘आर्ट सिल्क’मधील ‘आर्ट’ हा शब्द तर ‘आर्टिफिशियल’चा संक्षेप आहे; कलेशी त्याचा संबंध नाही. परंतु तीच नावे सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली की त्यांचा अर्थ पालटतो. ती ‘सिल्क’ वाचते आणि रेशीम समजते. व्यापाऱ्यांच्या परिभाषेत निर्दोष असलेला शब्द किरकोळ विक्रीत असत्य ठरतो, तो असा.

हाताने चाचपून माल पाहण्याची सोय ऑनलाइन खरेदीत नाही, हा या प्रश्नाचा गाभा आहे. सतराव्या शतकात सुरतेला आलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांचा कापडाचा व्यवहार नमुन्यावर चाले. त्या नमुन्यासाठी त्या काळच्या इंग्रजीत ‘मस्टर’ हा शब्द होता आणि तो पोर्तुगीज ‘मोस्त्रा’वरून आला होता. नमुना हाती असला की शब्दांचे काम थोडे राही. आज नमुन्याच्या जागी छायाचित्र आले आहे. पण त्यातून ना पोत कळतो, ना वजन, ना धागा. ही उणीव वर्णनानेच भरून काढावी लागते.

म्हणून वर्णनात सर्वप्रथम धाग्याचे नाव स्पष्ट असावे. घाऊक व्यापाऱ्याकडून ते लेखी मागून घ्यावे. शंका असल्यास पदराचे दोन-तीन धागे काढून सावधपणे जाळून पाहता येतात. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते; पॉलिस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. ही केवळ प्राथमिक परीक्षा होय. अस्सल रेशमाचा दावा करायचा असेल, तर केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेली ‘सिल्क मार्क’ची खूण हा अधिक भक्कम आधार.

दुसरी बाब जरीची. सुरतेच्या जरीकामाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. पण जरी एकाच प्रकारची नसते. अस्सल जरीत धाग्याभोवती सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार गुंडाळलेली असते. नकली जरीत तांब्याची तार असते, तर सर्वांत स्वस्त जरी धातूचा लेप दिलेल्या प्लास्टिकची असते. यांपैकी कोणती, हे सांगितल्याशिवाय ‘जरीकाठ’ हा शब्द अपुरा आहे. त्याचप्रमाणे नक्षी विणलेली आहे की छापलेली, हेही नमूद करावे.

त्यानंतर मापे. साधारण साडी साडेपाच मीटर आणि ब्लाउजचे कापड सुमारे ऐंशी सेंटिमीटर असते; तरीही प्रत्यक्ष मोजून आकडा द्यावा. ब्लाउजपीस जोडलेला आहे की वेगळा, हे लिहावे. छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढावे आणि रंग शब्दांतही सांगावा. एखादा धागा ओढला गेला असेल किंवा डाग असेल, तर त्याचे जवळून घेतलेले छायाचित्र द्यावे. धुण्याची पद्धत, किंमत आणि परतीच्या अटी यांनी वर्णन पूर्ण होते.

वर उल्लेखिलेल्या साडीचे वर्णन मग असे होईल : ‘पॉलिस्टरची साडी, स्पर्श मऊ, वजनाला हलकी. काठ विणलेला, जरी प्लास्टिकची. लांबी ५.५ मीटर, ब्लाउजपीस ८० सेंटिमीटर, साडीला जोडलेला. रंग गडद जांभळा. घरी थंड पाण्यात धुता येते.’ यात साडीची निंदा कोठेही नाही. उलट रोजच्या वापरासाठी स्वस्त, टिकाऊ साडी शोधणाऱ्या ग्राहकाला नेमकी हीच माहिती हवी असते.

कायद्याची अपेक्षाही याहून वेगळी नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झाले. जाहिरातीतील वर्णन वस्तूच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी जुळले पाहिजे आणि वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यास ई-बाजारपेठेवरील विक्रेत्याला ती परत घेणे नाकारता येत नाही, असे हे नियम सांगतात. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाची स्तुती लिहिण्यासही मनाई आहे. घरातील जुनी वस्तू एखाद्या वेळी विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू होत नाहीत. नियमितपणे व्यवसाय करणाऱ्याची गोष्ट वेगळी. फसवणूक झालेल्या ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

घरून विक्री करणाऱ्या महिलेचे ग्राहक बहुधा शेजारी, नातलग आणि परिचित असतात. परत आलेल्या एका साडीचा टपालखर्च तिचा नफा खाऊन टाकतो. पण गेलेला विश्वास त्याहून महाग पडतो. सुरतेचा घाऊक व्यापारी त्या ग्राहकाला कधी भेटत नाही. ती मात्र दर रविवारी भेटते. मजकूर दुसऱ्याने लिहिलेला असला, तरी ग्राहकाच्या लेखी तो तिचाच शब्द असतो; म्हणून पुढे पाठवण्यापूर्वी तो एकदा तपासून, आपल्या भाषेत नव्याने लिहिणे हेच तिच्या हिताचे आहे.