बलाढ्य मोटार आणि रोजचा प्रवास

वेगवान मोटारीचा मोह पुष्कळांस पडतो; परंतु एंजिनाचें बळ वाढविलेली मोटार रोजच्या कामास वापरावयाची तर कोणतीं पथ्यें पाळावीं लागतात, हें आम्हीं येथें थोडक्यांत सांगतों.

एंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवितो. त्याच दांड्यावरील दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून एंजिनांत भरतें. हवा अधिक, म्हणून पेट्रोल अधिक जळतें व शक्ति वाढते. ह्या यंत्रास टर्बो म्हणतात. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी ह्यानें ही कल्पना १९०५ सालीं मांडली. जपानच्या सुबारू कंपनीनें १९९२ सालीं काढलेल्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स मोटारींत हीच युक्ति आहे. हौशी मालक तींतील हवेचा दाब आणखी वाढवितात.

परंतु दाबलेली हवा तापते. पेट्रोल हलकें असलें किंवा कमी पडलें, तर तें अवेळीं पेटून ठोके बसतात व पिस्टन निकामी होतो. टर्बोचें चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतें. त्याचा सारा आधार तेलाच्या पातळ थरावर. यास्तव तेल गरम होईपर्यंत मोटार हळू हांकावी, तें वेळेवर बदलावें, आणि जोराच्या धांवेनंतर एंजिन थोडा वेळ मंद चालूं ठेवावें. कडक स्प्रिंगांमुळें खड्ड्यांत हाडें खिळखिळीं होतात, तेंही सोसावें लागतें.

वेग दुप्पट झाला म्हणजे ब्रेक लावल्यावर थांबण्यास चौपट अंतर लागतें. म्हणून शक्तीच्या आधीं ब्रेक व टायर सुधारावे. आमच्या मतें, ज्याच्या अंगीं संयम आहे त्यासच असें वाहन लाभतें.