केळं, आपण आणि आर्गॉन

‘केळ्यात किरणोत्सारी द्रव्य असतं म्हणे, मग मुलांना रोज द्यावं का?’ हा प्रश्न वाचक अधूनमधून विचारतात.

खुशाल द्यावं. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे जेमतेम एक अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी प्रकारचा असतो. केळ्यात तो आहे, तसाच बटाट्यात, शहाळ्यात, तुरीच्या डाळीतही आहे. आपल्या अंगात तर तो जन्मापासूनच आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण १४० ग्रॅम पोटॅशियम असतं आणि त्यातले चार हजारांवर अणू दर सेकंदाला फुटतात. केळं खाऊन हा आकडा चढत नाही, कारण काठोकाठ भरलेल्या हंड्यात तांब्याभर पाणी ओतावं तसं जास्तीचं पोटॅशियम मूत्रपिंडं बाहेर टाकतात. त्यामुळे कुठलाही किरणोत्सार ‘इतक्या केळ्यांएवढा’ असं सांगणं मला मुळीच पटत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांना केळी जपून खायला सांगतात, ते हृदयाच्या ठोक्यांसाठी; किरणांशी त्याचा संबंध नाही.

पोटॅशियमची खरी नवलाई पुढेच आहे. त्यातून किरण निघतात हे केंब्रिजच्या नॉर्मन कॅम्पबेल आणि अलेक्झांडर वुड यांनी १९०६च्या सुमारास दाखवलं. रेडियमच्या गाजावाजात ही नावं मागे पडली, याची मला फार हळहळ वाटते. तेव्हा आवर्त सारणीत एक कोडं होतं. आर्गॉनचा अणुभार ३९.९५, त्याच्या पुढच्या पोटॅशियमचा मात्र ३९.१०! शिवाय हवेत जवळपास एक टक्का आर्गॉन. निऑन, क्रिप्टॉन त्यामानाने नगण्य. एवढा आर्गॉन आला कुठून?

पंचविशीतल्या कार्ल फ्रीडरिश फॉन वाइत्सेकरने १९३७ साली तर्क लढवला : पोटॅशियम-४०चे काही अणू स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन केंद्रात ओढून घेतात आणि आर्गॉन-४० होतात. १९४८ साली ऑल्ड्रिच आणि नीर यांना जुन्या खनिजांत तो आर्गॉन सापडला. फुटणाऱ्या दर दहा अणूंपैकी साधारण एक आर्गॉन होतो, बाकीच्यांचं कॅल्शियम. हवेतला जवळजवळ सगळा आर्गॉन असा पृथ्वीच्या पोटातल्या पोटॅशियमपासून झालेला आहे आणि दर सेकंदाला त्याचे चारेकशे अणू आपल्या शरीरातही तयार होतात!

पोटॅशियम-४०चं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. म्हणून खडकांची वयं काढायला ते फार सोयीचं. लाव्हा वितळलेला असताना आर्गॉन निसटतो. तो थिजला की नंतर बनणारा आर्गॉन आतच कोंडला जातो. तो मोजून सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टचं वय काढतात. ते येतं सुमारे ६.६ कोटी वर्षं.