मेगरचा आकडा आणि घरधन्याचा हक्क

हाती आकडा आला म्हणजे वस्तुस्थिती कळली, हा समज अर्थव्यवहारात घातक ठरतो. घरातील विजेच्या बाबतीत तर तो जिवावरही बेतू शकतो. नागोठणे-रोहा लोहमार्गावरील निडीसारख्या गावात पावसाळ्याचे चार महिने भिंती ओल धरून असतात. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात रायगड जिल्ह्यातील असंख्य घरांची छपरे उडाली, आणि छप्पर गेले की पाणी वायरिंगपर्यंत पोचण्यास वेळ लागत नाही. अशा घरात वायरमन मेगर लावतो व एक आकडा सांगतो. तो ऐकून कोणी निर्धास्त होतो, तर कोणी कर्ज काढून सारी वायरिंग बदलतो. आकड्याचा अर्थ मात्र दोघांनीही विचारलेला नसतो.

मेन स्विच बंद करून, उपकरणांचे प्लग काढून, मेगर तारा व अर्थ यांच्या दरम्यान ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देतो आणि तारांवरील आवरणाचा रोध मेगाओहममध्ये दाखवितो. आपल्याकडील नियमांप्रमाणे तो किमान १ मेगाओहम असावा लागतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर याचा अर्थ सुमारे पाव मिलिअँपिअर गळती. माणसाच्या रक्षणासाठी बसविलेला गळतीरोधक स्विच ३० मिलिअँपिअरचा असतो. म्हणजे तो तुटण्याच्या कितीतरी आधी मेगर धोक्याची सूचना देऊ शकतो.

परंतु १ मेगाओहम ही केवळ उत्तीर्ण होण्याची रेषा होय. समजा, पाच सर्किटांच्या दोन घरांत एकत्रित आकडा १.४ मेगाओहम आला. एका घरात प्रत्येक सर्किटाचा रोध ७ असेल, तर दुसऱ्यात चार सर्किटे १०० मेगाओहमची आणि एकच दीडवर आलेले असेल. पहिल्या घरात ओल किंवा जीर्णता सर्वत्र पसरली आहे. दुसऱ्यात दोष एकाच ठिकाणी असून थोडक्या खर्चात तो दूर होईल. सर्किटे सुटी करून मोजल्याखेरीज हा भेद कळणार नाही.

ऋतूचेही तसेच. आषाढात उतरलेला आकडा भिंती वाळल्यावर चढला, तर दोष बव्हंशी ओलीचा; फाल्गुनातही तो चढला नाही, तर आवरणच खराब झाले असे समजावे. शिवाय, वर्षानुवर्षे ५ मेगाओहमवर स्थिर असलेल्या घरापेक्षा २०० वरून २० वर घसरलेले घर अधिक चिंताजनक असते. मात्र अर्थिंग धड आहे की नाही, किंवा जोड सैल आहेत काय, हे मेगरचा आकडा सांगत नाही. त्यांची तपासणी वेगळी करावी लागते.

म्हणूनच तपासणीचे पैसे देणाऱ्या घरधन्याने तोंडी निर्वाळ्यावर समाधान मानू नये. दिनांक, हवामान आणि प्रत्येक सर्किटाचा आकडा लिहिलेला कागद त्याने मागून घ्यावा व घरपट्टीच्या पावत्यांसोबत जपून ठेवावा. ग्रामपंचायतींनी शाळा व अंगणवाड्यांपासून हा पायंडा पाडावा. तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम सहज देता येईल. नोंद नसलेला आकडा विसरला जातो आणि तुलनेवाचून त्याला अर्थ येत नाही. एवढी शिस्त गावाने अंगी बाणविली, तर अनावश्यक खर्च टळेल आणि टाळता येण्याजोगे मृत्यूही.