बिनतारी क्रेन आणि मौनाचा अर्थ

श्रोतेहो, ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा पाहावयास जाणारा मनुष्य तेथील चांदीची आगगाडी पाहिल्यावाचून परतत नाही. भोजनगृहातील लांबलचक मेजावर रूळ घातलेले आहेत. त्यांवरून छोटेसे इंजिन पेयांच्या बाटल्या व सिगार वाहून नेणारे डबे ओढीत असे. यजमानांच्या हाताशी बटनांची पाटी असे आणि तिच्या साह्याने ते गाडी हव्या त्या पाहुण्यापुढे नेत. पाहुण्याने डब्यातील बाटली उचलली की गाडी जागच्या जागी थांबे आणि बाटली परत ठेवली की पुन्हा चालू लागे, असे सांगतात. याच गाडीची आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. व्हाइसरॉयसाहेबांच्या मेजवानीत म्हणे विजेच्या जोडणीत बिघाड झाला, गाडी यजमानांचे ऐकेनाशी झाली आणि मेजावरून सैरावैरा धावत तिने पाहुण्यांच्या उंची पोशाखांवर रस्सा उडवला.

गोष्टीला थोडे तिखटमीठ लागले असेल. पण ती ऐकून सारे हसतात. मीही ती वर्गात सांगतो आणि मुलांचे हसणे ओसरले की त्यांना विचारतो, ''या गाडीच्या जागी डोक्यावर टांगलेले पाच टन लोखंड असते तर?''

हा प्रश्न केवळ वर्गातला नाही. झाशीच्या रस्त्यावर सिथौलीचा रेल्वे स्प्रिंग कारखाना, भिंडच्या वाटेवर मालनपूर, मुरैन्याच्या वाटेवर बानमोर, अशा कारखान्यांच्या वस्त्यांत आमच्या शहरातील कितीतरी घरांतली मुले रोज पाळीवर जातात. जेथे जड माल हलवावयाचा तेथे क्रेन आलीच. आपल्या परिभाषेत तिला 'यारी' असा सुरेख शब्द आहे. पण कारखान्यात तो कोणी उच्चारीत नाही, म्हणून आपणही क्रेनच म्हणू.

शेडच्या दोन्ही बाजूंना उंचावर रूळ असतात. त्यांवर आडवा पूल सरकतो, पुलावर ट्रॉली सरकते आणि ट्रॉलीतून दोराला लावलेला आकडा खालीवर होतो. शेडच्या लांबीत जाणे, रुंदीत जाणे व उचलणे-उतरवणे, या तीन गतींत क्रेनचे सारे काम सामावते. पूर्वी चालक पुलाला टांगलेल्या खोलीत बसे आणि खालच्या खलाशाच्या हातवाऱ्यांवर नजर ठेवून खटके फिरवी. पुढे क्रेनपासून केबलने लोंबणारी बटनांची पेटी आली. तिला पेंडंट म्हणतात. चालक जमिनीवर उतरला खरा, पण केबलने तो भाराशी बांधला गेला. भार जेथे जाई तेथे त्याच्या लगत, कधी तेलकट जमिनीवरून तर कधी तापलेल्या मालाजवळून, त्याला जावे लागे. बिनतारी नियंत्रणाने ही केबल तोडली. आता चालक हातात छोटी पेटी घेऊन, जेथून भार, आकडा आणि वाट हे तिन्ही नीट दिसतील अशा सुरक्षित जागी उभा राहू शकतो.

तारेवाचून दूरची वस्तू हलवण्याची कल्पना जुनीच आहे. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्यात अदृश्य विद्युत्‌लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. १८९८ साली न्यूयॉर्क येथे निकोला टेस्ला यांनी बिनतारी आज्ञेने चालणारी लहान नाव हौदात फिरवून दाखवली. दूर अंतरावरून हालचाल घडवणे हे तेव्हाच साधले होते. खरी अवघड गोष्ट निराळी होती. ती म्हणजे, आज्ञा पोहोचली नाही तर यंत्राने काय करावे, हे आधीच ठरवून ठेवणे.

क्रेनच्या बिनतारी योजनेत दोन भाग असतात. चालकाच्या हाती असते ते प्रेषक यंत्र, आणि क्रेनवर बसवलेले ते ग्राहक यंत्र. बटन दाबले की प्रेषक एक सांकेतिक संदेश पाठवतो. पोस्टाच्या पत्रासारखी त्याची रचना असते. आरंभी पत्ता, मग मजकूर आणि शेवटी मजकूर वाटेत बिघडला नाही ना हे ताडून पाहण्याचे अंक. पत्ता वीस द्विमान अंकांचा असला, तर १०,४८,५७६ निरनिराळे पत्ते होऊ शकतात. त्यामुळे शेजारच्या शेडमधील आज्ञा आपल्या क्रेनने चुकून ऐकावी असे सहसा घडत नाही. पत्ता जुळला नाही किंवा ताळ्याचे अंक चुकले, की ग्राहक तो संदेश सरळ टाकून देतो.

परंतु या योजनेचे मर्म याहून पुढे आहे. प्रेषक हा संदेश एकदाच पाठवून गप्प बसत नाही. तो सेकंदात अनेक वेळा बोलत राहतो. बटन दाबलेले नसले तरी 'मी आहे, मी आहे' एवढे तो सांगतच असतो. हे बोलणे खंडित झाले, मग बॅटरी संपलेली असो, पेटी हातातून पडून फुटलेली असो, चालक पल्ल्याबाहेर गेलेला असो वा दुसऱ्या लहरींचा गोंगाट माजलेला असो, की ग्राहक थोडा वेळ वाट पाहतो आणि मुख्य प्रवाह तोडतो. ही वाट पाहण्याची मुदत बनावटीप्रमाणे साधारणतः अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंत असते. क्रेनचे ब्रेकही याच न्यायाने केलेले असतात. वीज ब्रेक लावीत नाही. वीज ब्रेक सोडवते. प्रवाह गेला की स्प्रिंगच्या जोराने ब्रेक आपोआप आवळला जातो.

'मौनं संमतिलक्षणम्' असे आपण म्हणतो. माणसांच्या व्यवहारात ते चालत असेल. क्रेनच्या व्यवहारात मौन म्हणजे नकार, मौन म्हणजे थांबा. मेजवानीतील ती गाडी आज्ञा तुटल्यावरही धावत राहिली. चांगली क्रेन आज्ञा तुटताच थांबते. सारा फरक एवढाच आहे आणि माणसाचा जीव या फरकावर अवलंबून आहे.

आता उभारणीकडे वळू. हे काम जाणत्या वायरमनचे आहे, श्रोत्यांनी घरबसल्या करावयाचे नव्हे. पण कारखान्याचा मालक, मुकादम किंवा तेथे काम करणारा साधा कामगार यांना काय विचारावे एवढे तरी ठाऊक असावे.

प्रथम लहरींचा पट्टा. आपल्या देशात छताखालील अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यावाचून खुला केलेला आहे. मात्र उपकरणाचा नमुना सरकारमान्य असावा लागतो. एकाच शेडमध्ये अनेक क्रेन असतील तर प्रत्येकीला निराळा पत्ता आणि शक्यतो निराळी वाहिनी द्यावी.

दुसरी गोष्ट ग्राहकाच्या जागेची. मुख्य स्विच बंद करून, त्याला कुलूप लावून, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवल्यावरच वायरमनने क्रेनवर चढावे. ग्राहकाची अँटेना लोखंडी पॅनेलच्या आत कोंडू नये, कारण लोखंडाच्या पेटीत लहर शिरत नाही. ती खालून दिसेल अशी मोकळी ठेवावी. मोटारी व त्यांचा वेग बदलणारी उपकरणे यांच्यापासून ती दूर असावी, कारण तीही लहरींचा गोंगाट करतात.

तिसरी गोष्ट जोडणीची. ग्राहकातील प्रत्येक रिले क्रेनच्या त्या त्या काँटॅक्टरला जोडावयाचा असतो. पण थांबवणाऱ्या रिलेची जोडणी सर्वांत महत्त्वाची. तो मुख्य काँटॅक्टरच्या वाटेतच असा बसवावा की तो सुटला की एकही मोटर चालू राहू नये. आकडा वर ट्रॉलीवर आदळू नये म्हणून जो मर्यादा-स्विच असतो, तो नव्या जोडणीत वगळला जाता कामा नये. जुना पेंडंट राखून ठेवला असेल, तर एक वेळी एकच चालेल असा निवड-स्विच हवा. एका घोड्याचे लगाम दोघांच्या हाती देऊ नयेत.

चौथी गोष्ट दिशांची, आणि ती दिसते तितकी क्षुल्लक नाही. चालक आता कोठेही उभा राहू शकतो. त्याने पाठ फिरवली की त्याचे डावे उजवे होते. म्हणून 'डावीकडे, उजवीकडे' असे न लिहिता क्रेनच्या पुलावर मोठे बाण व खुणा रंगवाव्यात आणि त्याच खुणा बटनांपाशी असाव्यात. काही ठिकाणी पूर्व-पश्चिम लिहितात. तेही उत्तम, कारण माणूस कितीही वळला तरी पूर्व जागची हलत नाही.

मग परीक्षा. आरंभी आकडा रिकामा ठेवून प्रत्येक गती मंद व जलद अशी तपासावी. नंतर पूल मंद गतीने चालू असताना लाल बटन दाबावे. क्रेन थांबलीच पाहिजे. आणखी एकदा ती चालू असताना प्रेषकातील बॅटरी काढून घ्यावी. तेव्हाही ती थांबली पाहिजे. या बॅटरीच्या परीक्षेवाचून उभारणी पुरी झाली असे मानू नये, कारण मौनाचा अर्थ क्रेनला कळला की नाही हे याच परीक्षेत ठरते.

शेवटी भाराची परीक्षा. क्रेन नवी असेल किंवा तिच्या उचलयंत्रणेत फेरबदल झाला असेल, तर क्षमतेच्या सव्वापट भार लावून पाहतात. पाच टनांच्या क्रेनला सव्वासहा टन. ग्वाल्हेरकरांस हे नवे वाटू नये. जयविलासच्या दरबार हॉलमध्ये प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची दोन झुंबरे आहेत. ती टांगण्यापूर्वी १८७४ साली पुऱ्या झालेल्या या वाड्याचे शिल्पकार मायकेल फिलोज यांनी छतावर हत्ती चढवून त्याचे बळ अजमावले, असे येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. टांगण्याआधी तोलावे, हा धडा आपल्या शहराला जुनाच आहे.

इतके सारे झाल्यावरही एक गोष्ट उरते. ती मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने शिकवली.

तो एका कारखान्यात खलाशी होता. शेजारशेजारच्या दोन शेडमध्ये दोन क्रेन होत्या आणि त्यांची प्रेषक यंत्रे दिसावयास अगदी सारखी. नावाच्या चिकटपट्ट्या घामाने व तेलाने केव्हाच निघून गेल्या होत्या. एके दिवशी पहिल्या क्रेनचा चालक भार जमिनीपासून वीतभर वर लोंबत ठेवून, पेटी बंद करून चहाला गेला. माझा विद्यार्थी भाराखाली लाकडी ठोकळे सरकवीत होता. पलीकडच्या शेडमधील चालकाने फळीवरची पेटी उचलली, आपल्या क्रेनकडे पाहून 'खाली'चे बटन दाबले, आणि भिंतीपलीकडे पहिली क्रेन उतरू लागली. मुलगा बाजूला झाला; पण त्याची दोन बोटे गेली.

चौकशीत यंत्राचा काहीही दोष निघाला नाही. पत्ता बरोबर होता, संदेश शुद्ध होता, क्रेनने मिळालेली आज्ञा चोख पाळली होती. भार लोंबत ठेवून जाणे ही एक चूक, त्याखाली हात घालणे ही दुसरी आणि पेटी न ओळखता बटन दाबणे ही तिसरी. तो मुलगा भेटावयास आला तेव्हा म्हणाला, ''गुरुजी, तुम्ही धडा सुरू करण्याआधी हजेरी घ्यायचात. त्याने फक्त हजेरी घेतली असती तर!''

हजेरी कशी घ्यावयाची? प्रेषकावर भोंग्याचे बटन असते. पाळीच्या आरंभी आणि पेटी हाती घेताना प्रत्येक वेळी प्रथम तेच दाबावे आणि कोणती क्रेन 'हजर' म्हणते ते ऐकावे. त्या कारखान्यात आता क्रेनवर आणि पेटीवर हातभर दुरून वाचता येईल असा एकच अंक पक्क्या रंगाने रंगवला आहे आणि भोंग्यावाचून कोणी दुसरे बटन दाबीत नाही.

बाकीची दिनचर्या सोपी आहे. चार्ज केलेली बॅटरी घालावी. लाल बटन रोज एकदा दाबून पाहावे. जड भार आधी वीतभर उचलून थांबावे, ब्रेक धरतो की नाही हे पाहावे आणि मगच पुढे जावे. वेग हळूहळू वाढवावा व हळूहळू कमी करावा, कारण पूल थांबला तरी दोराला टांगलेला भार झोके घेतच राहतो. मिनिटाला ४० मीटर वेगाने चाललेला पूल एका सेकंदात सुमारे ६७ सेंटिमीटर जातो. एवढे अंतर हाताशी राखूनच थांबण्याचा विचार करावा. चालकाने भाराकडे पाहत उलट पावली चालू नये. चालावयाचे तर आधी वाट मोकळी करावी. भाराखाली कोणीही जाऊ नये आणि भाराला माणसांच्या डोक्यावरून नेऊ नये. काम थांबले की भार जमिनीवर टेकवावा, पेटी बंद करावी, किल्ली काढावी आणि ती नेमलेल्या माणसाकडेच द्यावी. जादा पेटी असेल तर तिची बॅटरी काढून ती कुलपात ठेवावी.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने उचलयंत्रांची वर्षातून निदान एकदा जाणत्या माणसाकडून कसून तपासणी व्हावी असे ठरवले. क्रेनच्या रुळाजवळ कोणी काम करीत असेल तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत येऊ देऊ नये, असाही त्याचा दंडक होता. तो केवळ कागदावरचा नियम नव्हता. केव्हातरी कोणाच्या तरी दुखापतीतून तो जन्मला असला पाहिजे.

श्रोतेहो, केबल तुटली म्हणून चालक आणि भार यांचे नाते तुटले असे नाही. उलट, पूर्वी केबल त्याला भाराकडे ओढून नेई. आता त्याची नजर व त्याचा विवेक यांनीच ते काम करावयाचे आहे. न ऐकू आल्यास थांबावे, हे आपण यंत्राला शिकवले. ज्याला आज्ञा द्यावयाची तो कोण आणि त्याच्यापाशी कोण उभे आहे, हे पाहून मगच बोलावे, एवढे माणसाने शिकावयाचे राहिले आहे. माझा तो विद्यार्थी आठ बोटांनी आजही काम करतो. नव्या मुलांना क्रेन शिकवण्याचे काम आता त्याच्याकडेच आहे आणि त्याच्या हाताखालच्या मुलांचा पहिला धडा असतो तो भोंग्याचा.